कंस कोणाचा?

मराठी संशोधनपर लेखनात एक लहानशी लबाडी गेली कित्येक दशके बिनबोभाट चालू आहे. समजा, एका जुन्या पत्रात ‘ते काल पुण्यास गेले’ असे वाक्य आहे. अभ्यासक आपल्या लेखात ते उद्धृत करतो आणि वाचकाच्या सोयीसाठी ‘ते (दादासाहेब) काल पुण्यास गेले’ असे लिहितो. ‘ते’ म्हणजे दादासाहेबच असा त्याचा तर्क आहे. तो कदाचित बरोबरही असेल. परंतु कंसातला शब्द पत्रलेखकाचा की अभ्यासकाचा, हे छापील पानावरून कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, कारण पत्रलेखकही गोल कंस वापरू शकतो आणि पुष्कळदा वापरतोच. दुसरा अभ्यासक मूळ पत्राकडे न जाता पहिल्याच्या लेखातून उतारा उचलतो. तिसरा ‘ते’ आणि कंस दोन्ही काढून टाकून ‘दादासाहेब काल पुण्यास गेले’ असे छापतो. तर्काचा पुरावा झाला, आणि तो कोणत्या पायरीवर झाला हे शोधायचे म्हटले तर पुन्हा दफ्तरखान्यात जाऊन बसावे लागते. उदाहरण मी रचलेले आहे. पण मराठी विभागांतील प्रबंध ज्यांना तपासावे लागतात त्यांना ते अनोळखी वाटणार नाही.

यावरचा इलाज जगभर माहीत आहे आणि तो फुकट आहे. उताऱ्यात उतारा घेणाराने जे काही घातले असेल ते चौकटी कंसात लिहावे. गोल कंस मूळ लेखकाचा समजावा. ‘ते [दादासाहेब] काल पुण्यास गेले’ असे लिहिले की दोन आवाज वेगळे झाले. मुळातील चूक तशीच ठेवली असेल तर तिच्यापुढे [मुळात असेच] असे लिहावे. अक्षर लागत नसेल तर [अवाच्य] लिहावे. यापलीकडे या चिन्हाचे व्याकरण नाही. तरीही मराठी ग्रंथव्यवहारात ते जवळजवळ बेपत्ता आहे. मराठी वाचकाला चौकटी कंस आज नेमाने कुठे भेटत असेल तर तो मराठी विकिपीडियावर, ‘संदर्भ हवा’ या शेऱ्याभोवती.

मेजर कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. इंग्रजी वळणाची चिन्हे मराठीत तेव्हापासून रुजत गेली. स्वल्पविराम आला, अर्धविराम आला, अवतरणचिन्ह आले, गोल कंसही आला. चौकटी कंस मात्र आपल्याला भाषेच्या तासाला भेटत नाही, गणिताच्या तासाला भेटतो. पदावली सोडवताना आधी साधा कंस, मग चौकटी, मग महिरपी, आणि मग ‘कंचेभागुबेव’ची ती जपमाळ. तिथे कंसाच्या आकाराला स्वतंत्र अर्थ नसतो. तिन्ही कंस गोलच काढले तरी उत्तर तेच येते. वेगळे आकार केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी. माझा संशय असा की मराठीच्या पुष्कळ प्राध्यापकांची चौकटी कंसाविषयीची समज तिथेच थांबली आहे. गोल कंसाच्या पोटात दुसरा गोल कंस आला की दिसायला बरे म्हणून एक चौकटी करावा, इतकेच त्याचे काम असे ते मानतात.

गणित मात्र तिथे थांबलेले नाही. पुढच्या इयत्तांत [अ, ब] आणि (अ, ब) या दोन निराळ्या वस्तू होतात. पहिल्या अंतरालात अ आणि ब ही टोके धरली जातात, दुसऱ्यात ती वगळली जातात. आकार बदलला की संच बदलतो. फ्रान्समधील बूर्बाकी मंडळींना तेवढ्यानेही समाधान झाले नाही. गोल कंसातली जोडी बिंदूचे सहनिर्देशक म्हणूनही वापरात असते, तेव्हा घोटाळा नको म्हणून त्यांनी खुले अंतराल ]अ, ब[ असे, पाठ फिरवलेल्या चौकटी कंसांनी लिहिले. गाउसने १८०८ मध्ये एखाद्या संख्येतील पूर्णांक भाग दाखवण्यासाठी ती संख्या चौकटी कंसात घातली. हे चिन्ह शतकभराहून अधिक काळ चालले. पण पूर्णांक खालचा घ्यायचा की वरचा, हे त्यातून दिसत नव्हते. केनेथ आयव्हर्सनने १९६२ मध्ये त्याच कंसाची वरची आडवी रेघ काढून एक चिन्ह केले आणि खालची काढून दुसरे. आज गणितात आणि संगणकशास्त्रात तीच दोन चिन्हे चालतात. एका आडव्या रेघेपुरती संदिग्धतासुद्धा सहन न करणारी ही माणसे पाहिली की आपल्या संपादकांच्या स्वस्थचित्ताचे नवल वाटते.

संगणकाच्या भाषांमधले उदाहरण तर आमच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवणारे आहे. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान या भाषेला छिद्रपत्रांवरच्या तुटपुंज्या अक्षरसंचात भागवावे लागले, आणि त्या संचात चौकटी कंस नव्हता. त्यामुळे कोष्टकातली पाचवी नोंद काढायची असो किंवा एखाद्या फलनाला पाच ही संख्या द्यायची असो, दोन्ही ठिकाणी नावापुढे गोल कंस आणि त्यात ५. आधीच साठवून ठेवलेली वस्तू उचलणे आणि नवी वस्तू घडवून घेणे, या दोन क्रिया पानावर हुबेहूब सारख्या दिसू लागल्या. यंत्राला वरच्या घोषणेवरून फरक कळे. वाचणाऱ्याला मात्र पाने उलटत वर जावे लागे. १९६० च्या अल्गोलने कोष्टकासाठी चौकटी कंस राखून ठेवला आणि प्रश्न मिटला. सी, पास्कल, जावा, पायथन या सगळ्या पुढे त्याच वाटेने गेल्या. आज ‘यादी[०]’ असे दिसले की प्रोग्रामर जाणतो, हे आधीपासून इथे असलेले आहे, आपण फक्त उचलतो आहोत. (मोजणी शून्यापासून का, यावर त्यांच्यात स्वतंत्र वाङ्मय आहे. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.)

मूळ पत्रात आधीपासून असलेला शब्द आणि अभ्यासकाने आज घडवलेला शब्द यांना एकाच कंसात कोंबणारी मराठी विद्वत्ता अजून छिद्रपत्रांच्या काळात आहे. फोर्ट्रानकडे निदान सबब होती; त्याच्यापाशी ते चिन्हच नव्हते.

इथे एक ठरलेला आक्षेप येतो. हे सारे पाश्चात्त्य विद्यापीठांचे कर्मकांड आहे, आपल्या परंपरेत असला काटेकोरपणा नव्हता, आपली परंपरा मौखिक, प्रवाही, सामूहिक वगैरे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी परंपरा वाचलेली नसते. संस्कृत टीकाकार श्लोकाचा अन्वय लावताना एखादा शब्द पदरचा घालतो तेव्हा लगेच ‘इति शेषः’ असे म्हणतो. हा शब्द कवीने लिहिलेला नाही, अर्थपूर्तीसाठी मी घेतला आहे, अशी ती जाहीर कबुली असते. चौकटी कंस यापेक्षा वेगळे काय करतो? महानुभावांनी लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच लीळेचे निराळे पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. कोणाच्या स्मरणात काय होते ते सरमिसळ न करता लिहिले. म्हाइंभटाचा मूळ ग्रंथ हरवला आणि आठवणींवरून तो पुन्हा सिद्ध करावा लागला, असे ज्या पंथाची परंपरा सांगते, त्या पंथाने आठवण आणि मूळ यांतले अंतर मिटवले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत पुढे आपली ओवी घुसडणाऱ्याला त्यांनी काय म्हटले आहे, अमृताच्या ताटाशेजारी कोणती वस्तू आणून ठेवली आहे, ते मराठीच्या विद्यार्थ्याला मी सांगायला नको. क्षेपक आणि प्रक्षिप्त हे शब्द आपल्याला परदेशातून आलेले नाहीत.

आधुनिक काळातही आपल्याच लोकांनी हे काम उत्तम केले आहे. लायडन येथे १९३१ मध्ये पपायरस आणि शिलालेखांच्या अभ्यासकांनी संकेत ठरवले: झिजून गेलेला आणि संपादकाने भरून काढलेला मजकूर चौकटी कंसात, संक्षेपाचा विस्तार गोल कंसात, कोरणाऱ्याच्या हातून सुटलेले कोनी कंसात, अधिकचे महिरपी कंसात. भारतीय कोरीव लेखांच्या संपादनात तर अस्पष्ट अक्षरे चौकटी कंसात देण्याची रीत त्याआधीपासूनच होती, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा खंड १९६३ मध्ये सिद्ध केला तो याच शिस्तीत वाढून. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी चिन्हे वेगळी निवडली. जो पाठ पुरता निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ, संपादकाने सुधारलेल्या पाठाला तारका. चिन्ह कोणते याला महत्त्व नाही. माझी खात्री इथवर आणि माझा तर्क इथून पुढे, अशी सीमा पानावरच आखली गेली. ताम्रपटातल्या एका अक्षरासाठी आपण इतके करतो आणि एकोणिसाव्या शतकातला निबंध पुन्हा छापताना काहीच करत नाही, हे कसे?

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. मराठी लेखनाचे अठरा नियम १९६२ आणि १९७२ मध्ये मिळून झाले. त्यांतला एक नियम साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. त्याचा आशय असा: केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे, या दोघांच्या लेखनासकट, महामंडळाच्या नव्या नियमांनुसार छापावे. नियम एवढ्यावर थांबतो. नव्या नियमांनुसार बदललेले लेखन बदललेले आहे हे वाचकाला कसे कळावे, याची तजवीज त्यात नाही.

या सीमारेषेचा विचित्रपणा पाहा. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ‘निबंधमाला’ सुरू झाली १८७४ च्या जानेवारीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. म्हणजे नियम अक्षरशः पाळला तर एकाच लेखकाचा एक ग्रंथ मुळाबरहुकूम छापायचा आणि दहा वर्षांनी लिहिलेला दुसरा ग्रंथ आजच्या लेखनात. त्यातही ज्या लेखकाच्या शुद्धाशुद्धतेवर चिपळूणकरांनीच टीकेची झोड उठवली, त्याच्या लेखनाचे काय करायचे ते चिपळूणकरांच्या नावाने ठरणार! फुल्यांनी शब्द कसा लिहिला, तो बोलीतला उच्चार धरून लिहिला की मुद्रकाच्या हाताने तसा झाला, हे भाषेच्या आणि समाजाच्या इतिहासाचे प्रश्न आहेत. गुपचूप ‘सुधारलेली’ आवृत्ती हाती असलेल्या विद्यार्थ्याला ते प्रश्न विचारताही येत नाहीत.

शुद्धलेखनाने असा काय फरक पडतो, असे विचारणारे भेटतात. फरक व्याकरणाचा पडतो. जुन्या लेखनात ‘नाव’ पाण्यावर चाले आणि ‘नांव’ माणसाला असे. आज दोन्ही एक. ‘ती आली’ म्हणजे एक स्त्री आली आणि ‘तीं आलीं’ म्हणजे मुले आली, पाखरे आली, कोणी तरी नपुंसकलिंगी अनेकवचनी आले. अनुस्वार पुसला की दोन्ही वाक्ये तंतोतंत सारखी होतात. ‘मी’ प्रथमेतला आणि ‘मीं’ तृतीयेतला, ‘जे’ पुरुष अनेक आणि ‘जें’ नपुंसक एक. गद्यात आजूबाजूची वाक्ये आधाराला येतात. कवितेत बहुधा आधार नसतो, आणि कर्ता एक की अनेक या प्रश्नावर सबंध अर्थ फिरू शकतो. अनुस्वार काढू नका असे मी म्हणत नाही. आजच्या वाचकासाठी आजच्या लेखनात पुस्तक यावे, जरूर यावे. पण ते कोणत्या आवृत्तीवरून घेतले, काय काय बदलले, आणि जिथे बदलाने अर्थ दुणावतो तिथे मूळ रूप काय होते, हे सांगायला एक पान आणि काही चौकटी कंस पुरतात. ‘ती [तीं] आली [आलीं]’ हे दिसायला सुंदर नाही. ते खरे आहे.

तीन टिंबांचे प्रकरणही याच जातीचे. मराठी लेखकाला टिंबांचा सोस फार. वाक्य अर्धवट सोडावे, सुस्कारा टाकावा, काही तरी सूचित करावे, सगळीकडे टिंबे. आणि उतारा घेणाराही मधला मजकूर गाळताना तीच टिंबे ठेवतो. मग वाचकाने काय समजायचे? नायिका गहिवरून थांबली, की प्राध्यापकांनी तिची चार वाक्ये कापली? गाळलेली वाक्ये नेमकी प्राध्यापकांच्या मताविरुद्ध जाणारी असतील तर टिंबे फारच सोयीची ठरतात. एमएलएच्या हस्तपुस्तिकेने, म्हणजे आमदारांच्या नव्हे, अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या, १९९९ मध्ये गाळीव टिंबे चौकटी कंसात घालावीत असे सांगितले. २००३ च्या आवृत्तीत ती सक्ती सैल झाली आणि मुळातच टिंबे असतील तेव्हापुरती कंसांची गरज राहिली. इंग्रजीत ही सूट परवडत असेल. मराठीत ‘मुळातच टिंबे असतील तेव्हा’ म्हणजे जवळजवळ नेहमीच. तेव्हा आपण १९९९ चाच नियम घ्यावा.

रसभंगाचा आक्षेप उरला. चौकटी कंस दिसला की वाचक दचकतो, पान सरकारी कागदासारखे दिसते, ललित वाचनाची लय मोडते. व्हर्जिनिया वूल्फच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) मधला ‘टाइम पासेस’ हा भाग ज्यांनी वाचला आहे त्यांनी हा आक्षेप घेऊ नये. पहिल्या भागात जिच्याभोवती सारे घर फिरत होते त्या मिसेस रॅम्झीचा मृत्यू तिथे चौकटी कंसात, ओझरता, जाता जाता कळतो. मुलीचा बाळंतपणातला मृत्यू चौकटी कंसात. मुलगा फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मेला तेही चौकटी कंसात. रिकाम्या घरात दहा वर्षे वारा, धूळ आणि अंधार यांचे मुख्य निवेदन चालू राहते, आणि माणसांचे मरण ही दुसऱ्याच कोणी तरी समासात घातलेली माहिती वाटते. गोल कंसाने हे साधले नसते. तो निवेदकाचाच स्वर थोडा खाली आणतो. चौकटी कंस दुसरा स्वर आणतो. अ‍ॅन कार्सनने सॅफोचे अवशेष २००२ मध्ये इंग्रजीत आणले तेव्हा पपायरस जिथे फाटला आहे तिथे चौकटी कंस तसेच ठेवले. सगळे ठेवले नाहीत, आणि आपण ते नाट्यासाठी ठेवले आहेत हेही तिने लपवले नाही. त्या पानांवरचे रिकामे कंस वाचताना रस भंगतो असे मला तरी कधी वाटले नाही.

कंसाचा गैरवापर होतो, हा आक्षेप याहून गंभीर आहे. अर्न्स्ट बेडियन या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘चौकटी कंसांतून इतिहास’ असा होतो. फुटलेल्या शिलालेखात संपादकाने अंदाजाने भरलेले शब्द पुढचे इतिहासकार पुरावा म्हणून वापरतात आणि त्यांवर सिद्धान्त उभारतात, यावर त्याचा रोख आहे. म्हणजे कंस असूनही दादासाहेब पुण्याला जातातच. हे मान्य. पण तिथे बेडियनला बोट ठेवायला जागा होती. कंस छापलेला होता म्हणूनच अमुक शब्द दगडावर नाही असे तो खडसावून सांगू शकला. आपल्याकडे असा लेख लिहायचा ठरवले तर लेखकाने सुरुवात कुठून करायची?

अडचण आणखी एक आहे, ती यांत्रिक आहे, आणि ती सांगितली नाही तर टंकलेखकांवर अन्याय होईल. इनस्क्रिप्ट कळफलकावर चौकटी कंसाच्या जागी ड आणि नुक्ता बसलेले आहेत. सात बिटांच्या जुन्या संकेतप्रणालीत जर्मन आणि स्वीडिश लोकांनी आपली टिंबवाली अक्षरे नेमकी याच कंसांच्या जागी बसवली होती, आणि त्यांचे प्रोग्रामर कित्येक वर्षे कंसाच्या ठिकाणी स्वरच वाचत राहिले. आपण निदान कळफलक क्षणभर इंग्रजीवर नेऊन कंस उमटवून परत येऊ शकतो. दोन कंसांसाठी चार वेळा जा-ये होते, मान्य आहे. चारशे पानांच्या प्रबंधात ती हजार वेळा झाली तरी हरकत नाही. आणि मार्गदर्शकाने निदान पहिल्या प्रकरणातले उतारे मुळाशी ताडून पाहावेत, त्यात गोल कंसातला एकही शब्द मुळात सापडला नाही तर प्रकरण परत पाठवावे.